पोकळ कुणासाठी?

आमच्या सरांसमोर 'मोठा' किंवा 'लहान' हा शब्द नुसता उच्चारायची सोय नव्हती. "सर, मोठा प्रॉब्लेम झालाय," असं कुणी म्हणालं की ते खडू खाली ठेवत आणि शांतपणे विचारत, "कशानं मोजलास?" पनवेल स्टेशनजवळ एका बिल्डरचं 'प्रशस्त घरे' असं होर्डिंग होतं. त्याखाली टेबल टाकून बसलेल्या एजंटला सरांनी एकदा पंधरा मिनिटं छळलं होतं. प्रशस्त कुणासाठी? एकट्या माणसासाठी, की आजारी सासू आणि दोन मुलं असलेल्या बाईसाठी? एजंट शेवटी म्हणाला, "काका, तुम्हाला घ्यायचंय का?" सर म्हणाले, "नाही. मला समजून घ्यायचंय."

अशा माणसाला आपल्याकडे विक्षिप्त म्हणतात. मीही म्हणायचे. आता त्या शब्दाचा मला राग येतो. एखादा माणूस सतत खरं विचारतोय हे मान्य केलं तर उत्तर द्यावं लागतं. तो विक्षिप्त आहे म्हटलं की हसून पुढे जाता येतं.

सर आम्हाला बारावीचं फिजिक्स शिकवायचे. कॉलेजात नव्हे, क्लासमध्ये. जुन्या पनवेलमध्ये एका भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास होता. खाली सतत स्टीलचे डबे आपटायचे आणि वर आम्ही न्यूटनचे नियम लिहून घ्यायचो. सरांकडे शिक्षकाची पदवी नव्हती, डिप्लोमा होता. त्याआधी बरीच वर्षं ते पळस्प्याजवळच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये होते. रस्त्यासाठी येणारी खडी तपासायची, कुठल्या मापाची किती आहे ते लिहायचं आणि सही करायची, हे त्यांचं काम. एकदा एका ठेकेदाराची खडी चाळणीतून अगदी नियमात पास झाली. पण ती सगळी चपटी होती, पापडासारखी. अशी खडी रस्त्यात टाकली की वजनाखाली मोडते. सरांनी शेऱ्यात तसं लिहिलं. मालक म्हणाला, "शेरा खोडा, चाळणीचा आकडा तेवढा ठेवा." सरांनी खोडला नाही. म्हणून ते लॅबमधून आमच्या क्लासमध्ये आले. डायरेक्टरांना स्वस्तात फिजिक्स मिळालं आणि सरांना फळा. डिप्लोमावर दुसरीकडे कुणी त्यांना फळ्याजवळ उभं केलं नसतं, हे त्यांना माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं.

डायरेक्टर म्हणजे क्लासचे मालक. दारावर तशी पाटी होती.

पहिल्या तासाला सर पुस्तक घेऊन आले नाहीत. कापडी पिशवीतून त्यांनी पितळेची एक गोल चाळणी काढली आणि पहिल्या बाकावरच्या मुलाच्या मांडीवर ठेवली. मग खिशातून मूठभर खडी काढून तिच्यात टाकली.

"हलव."

त्यानं हलवली. काही खडे वर राहिले, काही बाकाखाली पडले. सरांनी वाकून त्यातला एक उचलला. बोटासारखा लांबट. तो चाळणीच्या भोकातून उभा सटकला होता.

"ही चाळणी साडेबारा मिलीमीटरची आहे. ती म्हणते, हा खडा साडेबारापेक्षा लहान." मग त्यांनी पट्टी लावली. "पट्टी म्हणते, तीस. खोटं कोण बोलतंय?"

"चाळणी, सर."

"पट्टी!" मागून कुणीतरी.

"कुणीच नाही," सर म्हणाले. "दोघींनी खड्याला वेगळे प्रश्न विचारले. त्यानं दोघींना खरी उत्तरं दिली. आकार विचारायचा तर आधी सांगायचं, कशानं विचारतोय. जो हे सांगत नाही त्याच्यापासून सावध राहायचं. तो एकतर आळशी असतो नाहीतर काहीतरी विकत असतो."

मी ते वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. मला अशी वाक्यं आवडत. माझं लहानपण पत्रकांमध्ये गेलं. आई-बाबा दोघंही चळवळीतले. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, खाडीत सोडल्या जाणाऱ्या घाण पाण्याविरुद्ध. आमच्या घरात पोळ्यांच्या डब्यातही जुनी पत्रकं घातलेली असत. मी अक्षरओळख केली ती 'जाहीर निषेध' ह्या दोन शब्दांवर. त्यामुळे सर मला पहिल्याच दिवशी आपले वाटले. हा माणूस भांडणारा आहे, असं वाटलं. त्यात मी थोडी चुकले, ते पुढे येईलच.

अणूचा धडा आला तेव्हा पुस्तकातलं सरळ वाक्य होतं. सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, बहुतेक आरपार गेले, अगदी थोडे उलटे आले. म्हणून अणूचा बहुतांश भाग पोकळ असतो. सरांनी वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. मग त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं: कुणासाठी?

"अल्फा कणासाठी," ते म्हणाले. "तो जड आहे, वेगात आहे. इलेक्ट्रॉन त्याच्या वाटेत आले काय, न आले काय. केंद्रकावर आपटला तरच तो वळतो आणि केंद्रक इतकं छोटं की क्वचितच आपटतो. म्हणून त्याच्या दृष्टीनं अणू जवळजवळ रिकामा. इथवर पुस्तक बरोबर आहे. आता तू." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बाकावर मूठ मार."

मी मारली.

"जोरात. घाबरतेस काय?"

जोरात मारली. खालच्या दुकानातला एक डबा पडल्यासारखा आवाज झाला. वर्ग हसला.

"लागलं?"

"हो, सर."

"आरपार गेली नाही ना? मग तुझ्या मुठीसाठी बाक भरलेला आहे. मुठीतल्या अणूंना बाकाच्या अणूंनी आत येऊ दिलं नाही. अल्फा कण आरपार गेला हा जेवढा पुरावा, तेवढाच तुझा हात दुखतोय हाही. न्यूट्रिनो नावाचा कण अख्ख्या पृथ्वीतून निघून जातो. त्याच्या मतानं सबंध पनवेल तालुका पोकळ आहे. मग काय, आपण घरं सोडायची?"

मला उत्तर सुचलं होतं. मी हात वर केला. "सर, म्हणजे पंख्यासारखं. पाती तीनच, मधे जागा आहे, पण फिरायला लागला की बोट घालता येत नाही. इलेक्ट्रॉन तसा वेगानं फिरतो म्हणून..."

"नाही."

"पण सर..."

"सुंदर आहे, पण नाही. पंख्याचं पातं एका क्षणी एकाच जागी असतं. इलेक्ट्रॉन म्हणजे छोटी गोळी, ती फार वेगात पळतेय म्हणून सगळीकडे असल्यासारखी वाटते, असं नाही. तो अणूभर पसरलेलाच आहे. रिकामी जागा आणि तिच्यात एक गोळी, हे चित्रच पुसून टाक."

"मग इलेक्ट्रॉन केवढा असतो?" हे दर्शनानं विचारलं. ती माझ्या शेजारी बसायची, उरण रस्त्यावरच्या एका गावातून यायची. फार बोलत नसे.

सरांचा चेहरा उजळला. अचूक प्रश्न आला की तो तसा उजळायचा. "कशानं विचारतेस त्यावर आहे. दुसरा कण त्याच्यावर आपटून विचारलंस तर आजवर कुणालाही त्याला आकार सापडलेला नाही, बिंदू म्हण. अणूत नांदतोय तेव्हा विचारलंस तर अणूएवढा. लहान वस्तूला कडा नसते, बाई. खडीला असते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत आकार म्हणजे एवढंच, की कोण आलं तर किती अडवतो."

मी त्या दिवशी घरी जाऊन आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "हे पत्रकात बसणार नाही." तिचं बरोबर होतं.

पुढच्या टेस्टमध्ये चूक की बरोबर असा प्रश्न आला: अणूचा बहुतांश भाग पोकळ असतो. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांनी 'बरोबर'वर खूण केली नाही, 'चूक'वरही केली नाही. समासात लिहिलं: कुणासाठी?

डायरेक्टरांनी पेपरांचा गठ्ठा हातात घेऊन सरांना जिन्यात गाठलं. आम्ही वरच्या पायरीवर होतो, सगळं ऐकू येत होतं.

"सर, हे काय आहे? कन्सेप्ट-बिन्सेप्ट ठीक आहे, पण आपण इथे आन्सर की शिकवतो. ओएमआर शीटवर 'कुणासाठी' असा गोल असतो का?"

"नसतो. पण असायला पाहिजे."

"अहो, पालक विचारतात मला! सीईटीला चार महिने राहिलेत."

"पेपरात 'बरोबर' लिहा, असं मी मुलांना सांगितलंय. त्यांनी ऐकलं नाही. ह्याचा मला आनंद झाला, तो मात्र मी लपवला नाही."

डायरेक्टर वाईट माणूस होते असं म्हणायची सोय असती तर मला बरं वाटलं असतं. ते तसे नव्हते. गरीब मुलांना ते सांभाळून घेत, दर्शनाचा भाऊ गेला तेव्हा तिच्या घरी स्वतः जाऊन आले होते. पण खरं आणि उपयोगाचं ह्यांत निवडायची वेळ आली की त्यांना निवड करायचीय हेच कळायचं नाही. अशा सज्जनांवर मला सर्वांत जास्त संताप येतो. ढोंगी माणसाला निदान माहीत असतं, आपण काय करतोय ते.

दर्शनाचा भाऊ दिवाळीच्या आधी गेला. न्हावा शेव्याकडून येणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरनं त्याच्या बाइकला धडक दिली. तेवीस वर्षांचा होता. आमच्याकडे अशी बातमी आली की लोक जागेचं नाव विचारतात आणि मान हलवतात, जणू ती जागाच माणसं खाते आणि ट्रेलर आपोआप चालतात.

त्यानंतर दोन महिन्यांनी क्लासचा गुणगौरव समारंभ झाला. मोठा हॉल, स्टेजवर झेंडूच्या माळा, पालक नटूनथटून आलेले. पाहुणे म्हणून सकारात्मक विचारांवर बोलणारे एक वक्ते होते. पांढरा कुर्ता, कानाला चिकटलेला माइक. अणूवर त्यांचं भाषण ठरलेलं होतं, व्हिडिओत मी आधी पाहिलं होतं. विज्ञानानं सिद्ध केलंय की अणू नव्व्याण्णव टक्के पोकळ आहे. आपण अणूंचे बनलोय. म्हणजे आपण पोकळ आहोत. ही पोकळी काढून टाकली तर सगळी मानवजात साखरेच्या एका दाण्यात मावेल. मग दुःख कसलं? ते कुणाला होतंय? टाळ्या.

इथवर मी दात-ओठ खात बसले होते. पण नंतर जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. डायरेक्टरांनी त्यांना भल्या हेतूनं दर्शनाच्या घरचं सांगून ठेवलं असणार. वक्ते स्टेजवरून खाली उतरले आणि म्हणाले, "आज आपल्यात एक माउली आहे, जिनं तरुण मुलगा गमावलाय. ताई, जरा उभ्या राहा."

दर्शनाची आई उभी राहिली. हिरवं नऊवारी लुगडं, हातात दर्शनाच्या बक्षिसाचं पाकीट. सगळा हॉल तिच्याकडे बघू लागला.

"ताई, विज्ञानाच्या साक्षीनं सांगतो. तुमचा मुलगा म्हणजे काय होता? पोकळी. जे मुळात नव्हतंच ते जाईल कसं? सोडून द्या. हसा बघू एकदा."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. पनवेलमधल्या शिकल्यासवरल्या, नोकरदार लोकांनी, ज्यांच्या मुलांना विज्ञानाचे क्लास लावलेले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी डोळे पुसले. ती बाई उभीच. बसायचं कधी ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मागून, पाण्याच्या पिंपाजवळून आवाज आला. "ताई, तुम्ही बसा."

सर होते. हातात पाण्याचा पेला तसाच.

"साहेब," ते वक्त्यांना म्हणाले, "तिचा मुलगा त्या ट्रेलरसाठी पोकळ नव्हता. आणि ट्रेलर त्याच्यासाठी पोकळ नव्हता. असते, तर एकमेकांतून आरपार गेले असते आणि पोरगा घरी जेवायला पोचला असता."

हॉलभर माना मागे वळल्या. मग एकदम कुजबुज आणि मग राग. वक्त्यांवर नव्हे, सरांवर! "काही संवेदना आहे की नाही?" "आईसमोर असं बोलतात?" "कोण आहे हा माणूस?" मुलगा नव्हताच असं आईला सांगणारा संवेदनशील ठरला. तो होता, असं म्हणणारा दगड ठरला. दर्शनाच्या आईनं पदर तोंडावर घेतला होता. ती कशानं रडत होती ते कुणी तिला विचारलं नाही.

मला विजय झाल्यासारखं वाटत होतं. सरांना नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "तिचं घर तुला माहीत आहे ना? चल माझ्याबरोबर. मी वाक्य बरोबर बोललो, पण तिच्याकडे न बघता बोललो."

दर्शनाच्या घरी आम्ही ओटीवर बसलो. सर खुर्चीवर अवघडून, चपला हातभर अंतरावर नीट जुळवून ठेवलेल्या. चहा आला. सर म्हणाले, "ताई, माफी मागायला आलोय."

"माफी कशाची मागताव?" ती म्हणाली. "तुमी खराच बोल्लाव. तो मानूस बोल्ला, माजा पोर पोकल व्हता. नऊ म्हयनं मी त्याला पोटात वागवला. त्याचा वजन माजा मला ठाव नाय?"

दुसरा कुणी असता तर डोळे पुसून गप्प बसला असता. सर पुढे सरकले. "वजन. हे तुम्ही बरोबर पकडलंत. वजन जवळजवळ सगळं केंद्रकात असतं, अगदी छोट्या जागेत. पण जागा धरून ठेवतात ते इलेक्ट्रॉन. त्या वक्त्यांनी वजन कुठे आहे ते सांगितलं आणि बाकीच्याला काही नाही म्हटलं. तिथे लबाडी झाली."

मला वाटलं, ही बाई आता उठून आत जाईल. ती गेली नाही. तिनं खांबाला पाठ टेकली आणि ऐकलं. मधेच विचारलं, "मंग ते कन आता कुठं गेलं? जाल्ला ना त्याला आमी."

"आहेत. धुरात गेले, राखेत गेले, पाण्यात गेले. एकही नाहीसा झाला नाही."

"मंग तो हाय?"

सरांनी कप खाली ठेवला. मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हणा, एकदा हो म्हणा.

"कण आहेत, ताई. मुलगा नाही."

"हां," ती म्हणाली. "ता मला ठाव हाय. समदी मानसं उगाच उलटा सांगतात." आणि तिनं सरांचा रिकामा कप उचलला.

इकडे क्लासमध्ये वणवा लागला होता. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांना काढा अशी मागणी सुरू झाली. डायरेक्टरांनी सरांना सांगितलं, दोन ओळी लिहून द्या. पाहुण्यांची माफी, आणि अणू पोकळ असतो हे मला मान्य आहे एवढं. रविवारी पालकसभेत वाचून दाखवतो, विषय संपला. नाहीतर सोमवारपासून येऊ नका. सरांनी कागद घेतला, पहिली ओळ लिहून दिली, 'मी भाषणात मधेच बोललो त्याबद्दल दिलगीर आहे', आणि दुसरीची जागा कोरी ठेवून परत केला.

मग मी माझ्या वळणावर गेले. शनिवारी मी पत्रक काढलं. पिवळा कागद, शंभर प्रती, स्टेशनसमोर झेरॉक्स केल्या. मथळा ठळक: 'अणू पोकळ नाही! पोकळ आहे ते भाषण!' खाली मुठीचं उदाहरण, ट्रेलरचं वाक्य, बुवाबाजीचा निषेध. आईनं शुद्धलेखन तपासलं आणि म्हणाली, "आता जमलं." मला इतका अभिमान कशाचाच वाटला नव्हता.

आणि पत्रक चाललं! रविवारी सकाळी पालक जिन्यावरच ते वाचत उभे होते. बंदरावर क्लिअरिंगचं काम करणारे एक काका मोठ्यानं म्हणाले, "पोरीनं मुद्देसूद लिहिलंय बरं का. आम्हाला शाळेत चुकीचंच शिकवलं म्हणायचं." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. डायरेक्टर हवा ओळखणारे. ते सरांच्या कानाशी लागले, मी तिथेच होते. "सर, जमतंय. पाहुण्यांना मी फोन करतो. माफी-बिफी राहू दे. तुम्ही फक्त बसून राहा, काही बोलू नका."

फक्त बसून राहायचं होतं. एका माणसाची नोकरी, त्याचा फळा, अर्धा तास गप्प बसण्यावर शाबूत राहणार होता.

डायरेक्टरांनी प्रास्ताविक संपवलं. सर उठले. हातात माझं पिवळं पत्रक.

"ह्यात चूक आहे," ते म्हणाले.

सभेत कुणाला काही कळेना.

"'अणू पोकळ नाही' असं मी कधीही म्हटलेलं नाही. हे वाक्य 'अणू पोकळ आहे' ह्याच्याइतकंच अर्धवट आहे. ते अल्फा कण आरपार गेले, ते काय खोटं बोलले? कुणासाठी, हे सांगितल्याशिवाय दोन्ही वाक्यं निरर्थक आहेत."

"अहो सर," क्लिअरिंगवाले काका हसत म्हणाले, "तुमच्याच बाजूनं लिहिलंय ते!"

"म्हणून तर सांगतोय. माझ्या नावावर चूक खपतेय."

लोक हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. डायरेक्टरांनी हात पसरले. "बघा. ह्यांचं ह्यांनाच ठरत नाही. पोकळ आहे म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. मुलांनी काय लिहायचं पेपरात?" आणि पाच मिनिटांत ठरलं, सोमवारपासून सर येणार नाहीत.

तेव्हा दर्शनाची आई उठली. "दर्शनाचा नाव काडा," ती डायरेक्टरांना म्हणाली. मग सरांकडे वळली. "सर, आमचे घरी वटीवर शिकवा. वटी मोटी हाय."

सर आपल्या स्वभावावर गेले. "कशानं मोजलीत?"

"लगनाचे पंगतीनं. वीस मानसं बसतात."

"बरोबर मोजलीत," सर म्हणाले. त्या सबंध सभेत त्यांना समाधान झालेलं तेवढं एकच वाक्य.

मी त्यांना खाली भांड्यांच्या दुकानापाशी गाठलं. "तुम्ही गप्प का नाही बसलात? सगळे आपल्या बाजूनं आले होते! मी तुमच्यासाठी लिहिलं होतं!"

"मजकूर चांगला आहे," ते म्हणाले. "मथळा चुकला. लोक मथळाच वाचतात."

"एवढंसं काहीतरी..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य गिळलं. कशानं मोजलंस, हे त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांनी ते विचारलं नाही ह्याचीच मला लाज वाटली. "उद्यापासून संध्याकाळी सहाला," ते म्हणाले. "एसटी गावापर्यंत जाते. येतेस?"

"येते," मी म्हटलं.

घरी आई म्हणाली, तत्त्व बरोबरच आहे, पण परीक्षा तोंडावर आलीय. क्लासची टेस्ट सिरीज, छापील नोट्स, हे सगळं सोडून कुणाच्या ओटीवर बसायचं? आपण सरांना पत्र लिहू, पाठिंब्याचं. माझ्या आईनं हे म्हटलं, जिनं मला निषेध शिकवला होता. मी तिच्याशी भांडायला हवं होतं. मला बरं वाटलं. आतून, लाज वाटण्याच्या आधी, मला बरं वाटलं.

सरांकडे आठ मुलं गेली. त्यांतल्या एकाचेही आई-बाप कुठल्या चळवळीत नव्हते. पत्र आम्ही लिहिलं नाही.

सोमवारी नवे सर आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात छापील नोट्सचा गठ्ठा. शेजारची दर्शनाची जागा रिकामी होती, मी तिथे दप्तर ठेवलं होतं. त्यांनी उजळणी म्हणून फळ्यावर सोन्याचा पत्रा काढला, बाण काढले आणि विचारलं, "काय निष्कर्ष? अणू कसा असतो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शंभर पत्रकं वाटणारी मी, बघू या काय म्हणते. नव्या सरांनीही ते पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

मी उभी राहिले.

"पोकळ, सर," मी म्हटलं.

"शाब्बास," ते म्हणाले. "बस खाली."